वाटणीचा दावा मध्यस्थीला पाठवलाय: जावं का, आणि गेलात तर काय सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातलं गाव, तीन गटांत मिळून १२ एकर जमीन आणि एकच विहीर. वडील २०१९ साली वारले, मधला भाऊ २०२१ साली. मागे आई, थोरला भाऊ, मधल्याची बायको आणि तिचा अज्ञान (अठरा वर्षांखालचा) मुलगा, दोन लग्न झालेल्या बहिणी, आणि प्रश्न विचारणारा धाकटा. सगळी जमीन थोरला कसतो. धाकट्याने आणि लहान बहिणीने २०२२ मध्ये वाटणीचा दावा लावला, जमिनीचे व्यवहार तूर्त थांबवायचा मनाई अर्ज अजून पडून आहे. मोठी बहीण पुण्याला असते, तिने वकीलपत्रही दिलेलं नाही. आता न्यायाधीश म्हणतात मध्यस्थीला जा. वकील म्हणतात त्यात वेळ जाईल. गावातली माणसं म्हणतात गावच्या तंटामुक्ती समितीतच मिटवा. धाकट्याला चार गोष्टी हव्या आहेत: जावंच लागतं का, तिथे बोललेलं अंगावर येईल का, झालेल्या कागदाला किंमत किती, आणि थोरला नंतर उलटला तर काय.

मी लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात दिवाणी वकिली करते आणि न्यायालयाच्या यादीवर मध्यस्थ म्हणूनही बसते. तुम्हाला माझं सांगणं: जा. पण न्यायाधीशांनी सांगितलं म्हणून हात हलवत जाऊ नका. भावकीतल्या तडजोडी मोडताना मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि दर वेळी लोक म्हणतात की अमुक माणूस उलटा निघाला. कागद काढून वाचला की वेगळंच दिसतं. बैठकीला कोणीतरी आलेलं नसतं, नाहीतर एखादी गोष्ट लिहायचीच राहून गेलेली असते. तुमच्या प्रकरणात या दोन्हींची सोय आत्ताच दिसतेय.

आधी जावं लागतं का ते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ सध्याच्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू आहे. तडजोडीला वाव दिसला तर न्यायालय प्रकरण मध्यस्थीला पाठवू शकतं. २०१० साली अ‍ॅफकॉन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लवादाकडे पाठवायला दोन्ही पक्षांची संमती लागते, मध्यस्थीला पाठवायला लागत नाही. म्हणजे हजर राहावं लागेल. मिटवावंच लागेल असं मात्र कोणी म्हणू शकत नाही. मध्यस्थ निकाल देत नाही, 'तुमचं चुकलं' असंही म्हणत नाही. नाही जमलं तर प्रकरण जिथून आलं तिथेच परत जातं आणि पुढची तारीख लागते.

बोललेलं अंगावर येईल का? नाही. बैठकीत कोण काय म्हणालं, कोणी किती सोडायची तयारी दाखवली, हे न्यायालयाला कळवायचं नसतं. मध्यस्थाचा अहवाल म्हणजे तडजोड झाली किंवा झाली नाही, एवढीच ओळ. मध्यस्थाला साक्षीदार म्हणून बोलावता येत नाही. उद्या थोरल्याच्या वकिलाने उलटतपासात 'तुम्ही मध्यस्थीत दीड एकरावर तयार होतात ना?' असं विचारलं तर तुमच्या वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यायची. हे बंधन मलाही आहे, म्हणून पुढे जी उदाहरणं येतील ती अनेक प्रकरणं मिसळून, गाव-नाती बदलून सांगितली आहेत.

वेळ जाईल, हे तुमच्या वकिलांचं म्हणणं अगदी खोटं नाही. मध्यस्थीला साधारण साठ दिवस मिळतात, गरज पडली तर न्यायालय वाढवून देतं. एखादा प्रतिवादी ते दिवस फक्त आणखी एक पीक काढायला वापरतो. म्हणून प्रकरण मध्यस्थीला जाण्याआधी मनाई अर्जावर 'जैसे थे' आदेश मागा. तो नाही मिळाला तर निदान थोरल्याकडून लेखी पुरसीस (न्यायालयात दाखल करायचं सहीचं निवेदन) घ्या, की मध्यस्थी चालू असेपर्यंत तो जमीन विकणार नाही, गहाण टाकणार नाही, तिसऱ्याला ताबा देणार नाही. एवढं झालं की त्या दोन महिन्यांत तुमचं काही जात नाही.

उलट बाजूही मोजून पाहा. समजा मध्यस्थी नाकारली आणि दावा जिंकलात. मिळतो तो प्राथमिक हुकूमनामा, त्यात फक्त कोणाचा किती हिस्सा तेवढं. शेतसारा लागणारी जमीन असल्यामुळे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणी, मग वाटप तक्ता, मग त्यावर हरकती. मध्ये कोणी अपील केलं की सगळं जागेवर. तुमच्या प्रकरणात हिस्सा किती याचा तर फारसा वादच नाही. जमीन वडिलोपार्जित धरा की वडिलांची स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नसेल तर आई आणि पाच भावंडं मिळून हिशेब प्रत्येकी सहाव्या हिश्शावरच येतो, म्हणजे दोन-दोन एकर. मुली जन्मानेच सहहिस्सेदार आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात ठाम केलं आहे. भांडण आहे ते 'कुठले दोन एकर' यावर. त्याचं उत्तर न्यायाधीश देत नाहीत, शेवटी मोजणीवाला देतो. त्याने आखलेली रेघ पटणार नसेल तर स्वतः बसून आखलेली बरी.

आता तंटामुक्तीविषयी. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आणि सुरुवातीच्या काळात आपल्याकडच्या कित्येक गावांत धुऱ्याची, वाटेची, शेळ्या शेतात शिरल्याची भांडणं तिथेच मिटली. किरकोळ भांडणाला ती जागा आजही वाईट नाही. पण बारा एकरांची वाटणी, त्यात अज्ञान मुलगा आणि परगावच्या बहिणी, हे प्रकरण तिथे नेऊ नका. समितीत बसणारी माणसं गावातली असतात. कोणी थोरल्याच्या पॅनेलचा, कोणी तुमच्या सोयरिकीतला. तिथे बाईमाणसाला बोलायला जागा कमी मिळते. आणि 'पंचांसमक्ष' लिहिलेला बाँड थोरल्याने मोडला तर त्यावर थेट अंमलबजावणी मागता येत नाही, तो कागद पुरावा म्हणून घेऊन नवा दावा लावावा लागतो. जात पंचायतीचा तर विषयच नको. 'ऐकलं नाही तर वाळीत टाकू' असं कोणी म्हणालं तर तो २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

लोकअदालत आणि मध्यस्थी यांतही लोक गल्लत करतात. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी एका पॅनेलसमोर प्रकरणांची रांग असते. बँकेची वसुली, वीजबिल, अपघाताची भरपाई, जिथे वाद फक्त आकड्याचा आहे तिथे ती छान चालते. भावाभावांचं ऐकून घ्यायला तिथे वेळच नसतो. मी अशा प्रकरणात पहिली बैठक साधारण दोन तासांची धरते, आणि पहिल्या तासात जमिनीचं नाव निघेलच असं नाही.

तो पहिला तास वडिलांच्या दवाखान्याचा खर्च कोणी केला, लग्नात कोणाला मान दिला नाही, दहाव्याला कोण उशिरा आलं, यात जातो. नवखे वकील इथे चुळबुळ करतात. मी बोलू देते. त्यानंतर एकेकाला वेगळं बसवते. या स्वतंत्र बैठकीत सांगितलेलं, सांगणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या बाजूला कळत नाही, आणि बहुतेक गाठी इथेच सुटतात. एका प्रकरणात थोरला भाऊ रस्त्याकडचा तुकडा सोडायला काही केल्या तयार नव्हता. सगळ्यांना वाटत होतं, पुढे प्लॉट पाडायचा विचार असेल. वेगळं बसल्यावर कळलं की वडील असताना बहिणीच्या लग्नासाठी सोसायटीचं कर्ज त्याने स्वतःच्या नावावर काढलं होतं, जुनं-नवं करत ते फुगलं होतं, आणि जमीन वाटली गेली की कर्ज एकट्याच्या डोक्यावर राहील ही धास्ती होती. भावांसमोर हे बोलायची त्याला लाज वाटत होती. परवानगी घेऊन विषय सगळ्यांसमोर मांडला, कर्जाची विभागणी लिहिली, आणि रस्त्याकडचा तुकडा त्याच दुपारी धाकट्याकडे गेला. दाव्यात, कैफियतीत, मुद्द्यांत कुठेही त्या कर्जाचा उल्लेख नव्हता.

तुमच्याकडे बैठकीला कोण कोण यायला हवं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मोठ्या बहिणीशिवाय बसूच नका. ती दाव्यात प्रतिवादी आहे, तिची सही नसेल तर तडजोडीवर सगळ्यांची संमती झाली असं म्हणता येणार नाही. 'ताई काही मागणार नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी पेन खाली ठेवते. बहिणीला भावांच्या समोर विचारलं तर ती हेच म्हणते, 'मला काही नको, येणं-जाणं राहू द्या म्हणजे झालं.' म्हणून मी बहिणींशी वेगळं बोलते. तुमचा कायद्याने हिस्सा एवढा, आजच्या भावाने त्याची किंमत साधारण एवढी, हे ठाऊक असूनही सोडताय का, इतकंच विचारते. काही जणी विचारपूर्वक सोडतात, तो त्यांचा अधिकार आहे. काही थोडी जमीन मागतात, काही पैसे. एकीने ना जमीन मागितली ना रक्कम. आई असेपर्यंत दर संक्रांतीनंतर ज्वारीची ठरावीक पोती तिच्या घरी पोचवायची, असं लिहून मागितलं, आणि भावांनी ते आनंदाने मान्य केलं. न्यायाधीशांना असला हुकूमनामा स्वतःहून देता आला नसता. साडी-चोळी करून हक्कसोड लिहून घेण्याची आपल्याकडची रीत मला पटत नाही, हे मी लपवत नाही. पण मध्यस्थ म्हणून माझं काम रीत मोडण्याचं नाही, बहीण सही कशावर करतेय ते तिला कळलंय की नाही एवढं पाहण्याचं आहे. आणि पैसे ठरले तर 'सोयाबीन आल्यावर देऊ' चालत नाही. तारीख, रक्कम, आणि पैसे बँकेतून. मिळाल्यावर हक्क सुटेल, आधी नाही.

पुण्याहून येणं जमत नसेल तर व्हिडिओवरून बैठक करता येते, न्यायाधीशांना आधी विचारून ठेवा. मुखत्यारपत्र घेऊन दाजींना पाठवण्यापेक्षा ते बरं. दाजी आले की भांडणात आणखी एक घर येतं.

वहिनी आणि पुतण्या. अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या आईने केलेली तडजोड न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीशिवाय त्याला बांधत नाही. तडजोड मुलाच्या हिताची आहे असं त्याच्या बाजूच्या वकिलाने लिहून द्यावं लागतं आणि न्यायाधीशांनी परवानगी नोंदवावी लागते, त्याच संहितेचा आदेश ३२ नियम ७. हे राहून गेलं तर आज सगळे हसत घरी जातील आणि मुलगा सज्ञान झाला की कागद उलटवू शकेल. म्हणून त्याच्या वाट्याला सगळ्यांत बरड तुकडा टाकू नका, न्यायाधीश ते पाहतात. आणखी एक, मधल्या भावाच्या हिश्शात त्याच्या बायको-मुलाबरोबर त्याच्या आईचाही वारसा असतो. ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही आणि फेरफाराच्या वेळी तलाठी अडवतो.

आई थोरल्याकडे राहते म्हणून ती थोरल्याच्या बाजूची, असं समजू नका. तिचा सहावा हिस्सा तिचाच आहे. तो कोणाच्या नावे करायचं ठरलं तर मरेपर्यंत सांभाळायची, दवाखान्याची अट त्याच कागदात लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीच्या आधारे व्यवहार रद्द करून घेण्याची वाट ठेवतं. अट तोंडी असेल तर ती वाट अवघड होते.

आता कागद. तडजोड पुरसीस तुमच्या वकिलांनीच लिहायला हवी, आणि घाईत लिहायची नाही. 'विहीर समाईक राहील' हे तीन शब्द मी लिहू देत नाही, कारण त्यावरून पुढचा दावा लागतो. विहिरीची पाळी कशी लिहायची? सोमवार-मंगळवार तुझा, बुधवार-गुरुवार माझा, असं लिहिलं की पहिल्याच आठवड्यात भांडण, कारण थ्री फेज लाइट एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येते. एकाला सतत रात्रीचं पाणी, दुसऱ्याला सतत दिवसाचं. म्हणून पाळी लाइटच्या तासांवर लिहा, आणि दिवस-रात्र आळीपाळीने फिरेल असं लिहा. एखाद्याच्या पाळीत लाइट गेली तर त्याचे तास कधी भरून द्यायचे तेही. मीटर कोणाच्या नावावर, बिल कसं वाटायचं, मोटार जळाली किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर खर्च कोणी किती करायचा, पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाणार आणि नांगरताना फुटली तर कोण जोडणार. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की कोणी एकट्याने बोअर घेतला तर तो कोणाचा, हेसुद्धा. वाचताना हे क्षुल्लक वाटेल. पण मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात चैत्र-वैशाखात भावाभावांच्या मारामाऱ्या कशावरून होतात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

जमिनीचं वर्णन गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चारी बाजूंच्या चतुःसीमा, आणि सोबत सगळ्यांच्या सह्यांचा कच्चा नकाशा. जमल्यास मध्यस्थी चालू असतानाच भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. प्रत्येकाच्या तुकड्याला बैलगाडी, ट्रॅक्टर जाईल एवढी वाट कुठून, किती रुंद, ते नकाशात दाखवा. उभं पीक कोण काढणार, आंब्याची आणि लिंबाची झाडं कोणाकडे, सोसायटी आणि जिल्हा बँकेचं कर्ज कोणी किती फेडायचं, चालू हंगामाचा पीकविमा कोणाचा. आणि एकमेकांवर लावलेल्या इतर केसेस, तहसीलमधले अर्ज, कोण कधी मागे घेणार. वाटणीत तुकडेबंदीही सांभाळावी लागते: २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत २० गुंठ्यांपेक्षा आणि बागायत १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पडू नये. रस्त्याकडची पट्टी सहा जणांत समान वाटायचा हट्ट इथे अडकतो. एकाने रस्ता घ्यायचा आणि दुसऱ्यांना काळी जमीन जास्त द्यायची किंवा रकमेने भरून काढायचं, हाच मार्ग राहतो.

एका गोष्टीकडे वकीलही कधीकधी दुर्लक्ष करतात. दाव्यात नसलेली मालमत्ता, समजा गावठाणातलं घर किंवा लातूरमधला प्लॉट, तडजोडीत घेतली तर तेवढ्यापुरता तो हुकूमनामा नोंदणीकृत करावा लागतो. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मधली सवलत दाव्यातल्या मालमत्तेपुरतीच आहे. तेव्हा घरही वाटायचं असेल तर आधी दावा दुरुस्त करून ते त्यात घाला.

थोरला उलटला तर? तडजोड पुरसीस सगळ्यांच्या सह्यांनिशी न्यायालयात दाखल होते, न्यायाधीश प्रत्येकाला समजली का विचारतात, आणि तिच्यावर हुकूमनामा होतो. त्यावर अपील नाही. तो रद्द करायला वेगळा दावाही लावता येत नाही. फसवणुकीचा आरोप असेल तर त्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो. थोरल्याने ताबा दिला नाही तर तुम्ही नवा दावा लावायचा नाही, सरळ दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. मात्र दरखास्तीत कागदावर लिहिलेलंच मिळतं. ज्वारीची पोती 'ठरावीक' म्हणून लिहिली असतील तर मिळणार नाहीत, किती किलोची किती पोती ते लिहिलं असेल तर निदान मागता येतील. हुकूमनामा झाला की फेरफाराचा अर्ज कोण आणि किती दिवसांत करणार तेही लिहून टाका. सात-बारावर नाव लागेपर्यंत बँक पीककर्ज देत नाही आणि मग पुन्हा कुरबुर सुरू होते.

खर्चाचं म्हणाल तर न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीत पक्षकारांना मध्यस्थाची फी द्यावी लागत नाही. तुमच्या वकिलांची फी तुमच्या त्यांच्यातली गोष्ट, पण ती मोकळेपणाने आधीच बोला. मिटलं तरी ठरलेली फी देईन, असं पक्षकाराने सांगितलं की कित्येक वकिलांचा मध्यस्थीबद्दलचा सूर बदलतो. हे मी आमच्याच लोकांबद्दल लिहितेय, रागावणारे रागावोत. भरलेली कोर्ट फी परत हवी असेल तर तडजोड लोकअदालतीसमोर ठेवून निवाडा करून घेता येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तशी तरतूद आहे.

सगळीच प्रकरणं मध्यस्थीला लायक असतात असं नाही. थोरल्याने बनावट मृत्युपत्र काढलंय, आईचा अंगठा फसवून घेतलाय, असा गंभीर आरोप असेल तर आधी त्याचा निकाल लागू द्या. घरात मारहाण होत असलेल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून 'जुळवून घ्या' म्हणणं मला मान्य नाही, तिची सुरक्षितता आधी. आणि आपल्या भागाची एक खास अडचण आहे: निजामाच्या राजवटीतून आलेल्या इनामी, देवस्थानच्या, वक्फच्या जमिनी आणि हैदराबाद कूळ कायद्यातली संरक्षित कुळं. अशा जमिनीत भावाभावांनी काहीही ठरवलं तरी तिसऱ्याचा किंवा सरकारचा हक्क तसाच राहतो. तुमच्या गटाचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक (जमीन आणि कुळांच्या नोंदींचा जुना कागद) काढून बघा. कुळाच्या रकान्यात नाव निघालं तर वाटणीआधी त्याचं काय ते पाहावं लागेल.

अजून कोर्टात न गेलेल्यांसाठी थोडं. तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज देऊन दाव्याआधीच मध्यस्थी मागता येते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मोफत वकील महिलांना उत्पन्न न बघता मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना मिळतो, आणि दुष्काळ किंवा भूकंपाने अडचणीत आलेल्यांचाही विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट उल्लेख आहे. सगळ्यांचं आधीच जमलेलं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज पुरतो. पण बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही, हे विसरू नका. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांत जावं लागतं. चेक परत आला तर तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. बीड-धाराशिवकडे ऊसतोडीच्या उचलीवरून मुकादम आणि वाहतूकदारांत अशी चेकची प्रकरणं फार होतात. 'टोळी परत आली की बघू' म्हणता म्हणता मुदत निघून जाते. फिर्याद वेळेत लावा आणि मध्यस्थी पाडव्यानंतर, माणसं गावात असताना मागा. कोर्टाची पायरी चढू नये म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझा अनुभव असा की काही थोरले भाऊ समन्स हातात पडल्याशिवाय बोलायलाच बसत नाहीत.

तुमच्या बैठकीचा महिनाही विचारपूर्वक मागा. सोयाबीन काढणीच्या धांदलीत थोरला येणार नाही, आला तरी मन लागणार नाही. माल विकून हातात चार पैसे आले की, दिवाळीनंतर, बहिणीला द्यायच्या रकमेचं बोलणं सोपं जातं. पहिल्या तारखेला तिन्ही गटांचे ताजे सात-बारा, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा, सोसायटीचा बाकी दाखला आणि वीजबिल घेऊन जा. मोठ्या ताईला आजच फोन करा. वकिलांची नोटीस जाण्याआधी तुमचा आवाज जाऊ द्या. आणि आईला आणायला गाडी तुम्ही पाठवा, थोरल्याच्या मोटारसायकलवर बसून तिला यावं लागू नये.